शेअर अमेरिकेत, कर इथे

प्रश्न : मी हिंजवडीत एका अमेरिकन कंपनीच्या भारतीय शाखेत नोकरीला आहे. मे 2024 मध्ये माझे 100 आरएसयू (कंपनी पगाराचा भाग म्हणून देते ते शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे माझ्या नावावर झाले. 32 करापोटी कापले, 68 तिकडच्या ब्रोकरच्या खात्यात आले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यातले 20 विकले, पैसे अजून तिकडेच आहेत. कर तर आधीच कापलाय. मग रिटर्नमध्ये पुन्हा दाखवायचं का? आणि शेअर नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारात लिस्टेड आहेत, तेव्हा उरलेले वर्षभराने विकले की नफा लाँग टर्म, म्हणजे दीर्घ मुदतीचा, होईल ना?
— एक वाचक, वाकड

उत्तर : दाखवायचंच. तुम्ही इथले रहिवासी आहात, त्यामुळे जगात कुठेही कमावलंत तरी कर इथे लागतो. पैसे भारतात आणले की नाही, हा मुद्दाच नाही. ‘कंपनीने टॅक्स कापलाय हो’ हे रिटर्नच्या दिवसांत माझ्या टेबलासमोर रोज कुणीतरी म्हणतंच. कापलाय तो पगारावरचा.

समजा व्हेस्ट झाले त्या दिवशी शेअर 50 डॉलरला होता आणि डॉलर 83 रुपये. शेअरमागे 4,150 रुपये, शंभराचे 4,15,000. ही रक्कम पर्क्विझिट, म्हणजे पगाराबरोबरचा लाभ म्हणून तुमच्या पगारात धरली गेली. कंपनीने दिलेला फॉर्म 12बीए काढून बघा, तिथे सापडेल. तीस टक्क्यांच्या स्लॅबला सेस धरून 31.2 टक्के, म्हणून 32 शेअर गेले. पण उत्पन्न शंभराचं, हातात पडलेल्या 68 चं नव्हे.

आता तुमची खरेदी किंमत झाली 4,150. फेब्रुवारीत 60 डॉलरला विकलेत असं धरू. इथे विक्रीच्या दिवसाचा दर चालत नाही. आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) घ्यायचा, म्हणजे 31 जानेवारीचा. तो 86 धरला तर 5,160 रुपये. शेअरमागे नफा 1,010, विसांचा 20,200. त्या 1,010 मधले 150 रुपये शेअर वाढल्याचे नाहीतच, रुपया घसरल्याचे आहेत. कर त्यांच्यावरही आहे. गंमत म्हणा किंवा अन्याय, कायदा रुपयातच मोजतो.

नॅस्डॅकवरचा शेअर आपल्या कायद्याच्या दृष्टीने अनलिस्टेड. वर्षभर थांबून भागणार नाही, 24 महिन्यांच्या वर जायला हवं. त्याआधी विकलेत तर नफा स्लॅबच्या दराने. मे 2026 उलटू दिलात तर 12.5 टक्के. इथल्या लिस्टेड शेअरच्या लाँग टर्म नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूट मात्र यांना नाही. आणि भाव पडला तर पगारात भरलेला कर परत मिळत नाही. तोटा फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, पुढे 8 वर्षं ओढता येतो, तेही रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

लोक खरे अडकतात ते शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या पानावर. बाकी रिटर्न एप्रिल ते मार्च, हे पान मात्र जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे 2024-25 च्या रिटर्नमध्ये तुमची 20 शेअरची विक्री भांडवली नफ्यात येईल, पण शेड्यूल एफएमध्ये 31 डिसेंबर 2024 ची शिल्लक पूर्ण 68 दिसेल. आकडे जुळत नाहीत म्हणून खाडाखोड करू नका, असंच असतं. ब्रोकरचं स्टेटमेंटही कॅलेंडर वर्षाचं मागवा. वर्षातली सर्वाधिक किंमतही लिहावी लागते. हे पान गाळल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या 2015 च्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या अशा मालमत्तेला दंडातून सूट आहे, पण माहिती देण्यातून नाही. अमेरिकेकडून खात्यांची माहिती आयकर खात्याला येतच असते.

लाभांश मिळाला असेल तर तिकडे साधारण 25 टक्के कापले असतील. इथे पूर्ण लाभांश उत्पन्नात धरा आणि कापलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म 67 भरून घ्या.

घाईत आयटीआर-1 भरून बसला असाल तर तो फॉर्म तुम्हाला चालतच नाही. तुम्हाला लागतो तो आयटीआर-2; 2024-25 साठी त्यात सुधारित रिटर्न भरायची मुदत 31 डिसेंबर 2025 होती.