सुईणींच्या आठवणी आणि अंगठ्याची संमती

प्रश्न : मी कोल्हापुरात पीएच.डी. करते. राधानगरी, गगनबावडा भागातल्या म्हाताऱ्या सुईणींच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या आहेत. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही. नुसत्या आठवणींनाही एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी लागते का? दोन मुलाखती मोबाइलवर घेऊनही झाल्यात. त्यांचं काय?

उत्तर : लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याविषयीचं सामाजिक संशोधनही येतं, त्यामुळे 'आम्ही कुठं रक्त काढतोय' हे उत्तर चालत नाही. तुमच्या संस्थेत कमिटी नसेल, तर लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. आराखडा, प्रश्नांची यादी, मराठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र जोडा. मागाहून मंजुरी मिळत नाही. झालेल्या मुलाखती अर्जात सरळ सांगा, त्या वापरायच्या की नाही ते कमिटी ठरवील.

अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार हवा. तो तुमच्या चमूतला नको, आणि माहिती वाचून दाखवल्यापासून अंगठ्यापर्यंत समोर हवा. गाठ घालून देणारी आशाताई (गावातली आरोग्य स्वयंसेविका) तुमचं काम करत असेल, तर ती साक्षीदार चालणार नाही. सरपंचांचा होकार गावात शिरायला उपयोगी. बाईच्या संमतीची जागा तो घेत नाही. सून शेजारी बसून 'सांगा की आत्ती' म्हणत असेल, तर मुलाखत दुसऱ्या दिवसावर ढकला.

खरी मेख पुढे आहे. सुईण स्वतःबद्दल कमी, दुसऱ्यांच्या घराबद्दल जास्त बोलते : कुणाचं मूल दगावलं, कुणाचं पोट गुपचूप पाडलं. त्या बायकांनी संमती दिलेली नसते. शिवाय बेकायदा गर्भपाताची कबुली सुईणीच्या अंगाशी येऊ शकते. वकिलाला मिळतं तसं गोपनीयतेचं संरक्षण संशोधकाला नाही, कोर्ट रेकॉर्डिंग मागवू शकतं. म्हणून 'कुणाचं नाव, गाव घेऊ नका' हे सुरुवातीलाच सांगा, तरी आलं तर शब्दांकनात काढा. मूळ आवाजाची फाइल कुलूपबंद ठेवा. वाडीत आवाजावरून माणूस लगेच ओळखू येतं.

संमती दोनदा घ्या : एकदा रेकॉर्डिंगआधी, एकदा शब्दांकन वाचून दाखवल्यावर. दुसऱ्या वेळी खरं नाव की टोपणनाव, संग्रहात ठेवायचं का, किती वर्षं बंद ठेवायचं, हे वेगवेगळं विचारा. काहींना स्वतःचं नाव छापून हवं असतं. सरसकट नाव लपवणं हाही त्यांच्यावर अन्यायच. माघार कधीपर्यंत घेता येईल तेही लिहा, कारण छापल्यावर ती शक्य नसते.

संमतीपत्राची एक प्रत सुईणीची. घरच्यांच्या हाती पडू नये असं ती म्हणाली, तर प्रत तुमच्याकडेच ठेवून तशी नोंद करा.