त्यांना ऐरोली माहीत नाही

नौपाडा, ठाणे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ठेवून गेलीस ते सगळं वाचलं. अमेरिकेतल्या प्रवेशासाठीचा निबंध, उपक्रमांची यादी, तिथल्या कॉलेजांची नावं. समोर बसून बोलायला लागलो की तुझी गाडीची वेळ होते आणि निम्मं राहून जातं, म्हणून या वेळी लिहूनच देतेय.

आधी एक गोष्ट पक्की कर. तुझा अर्ज वाचणाऱ्या माणसाला नवी मुंबईतलं तुझं ऐरोली माहीत नाही. ज्युनिअर कॉलेज म्हणजे काय, एका तुकडीत शंभर मुलं कशी बसतात, अकरावीचा पेपर बोर्ड काढत नाही तर कॉलेजच काढतं, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. आणि ती माणसं शोधत असतात ते नेमकं हेच, की या मुलीच्या आसपास काय होतं आणि त्यातून हिनं काय केलं. हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड, एमआयटी अशा ठिकाणी शंभर अर्जांमागे पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही. मार्क तर बहुतेकांचे चांगलेच असतात. तुझ्या कागदांत मला तुझं ठिकाण कुठेच दिसलं नाही. ते तू झाकून ठेवलंयस, आणि ते नीट उघडून मांडणं हे या वर्षाचं मोठं काम आहे.

आता अकरावीबद्दल. आपल्याकडे दहावी झाली की अकरावीला कोण विचारतंय, असा सगळ्यांचा सूर असतो. तुझ्यासाठी तो साफ चुकीचा आहे. अर्ज जाणार पुढच्या ऑक्टोबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. त्यांचा निर्णय येतो बहुतेक मार्चअखेर, आणि बारावीचा निकाल लागतो मे महिन्यात. म्हणजे निर्णय होताना बारावीचे बोर्डाचे मार्क अजून जन्मालाही आलेले नसतात. पूर्ण वर्षाची शेवटची मार्कशीट त्यांच्यापुढे असते ती अकरावीची. राहिलेल्या परीक्षा त्या हिशेबाने दे. आणि टक्केवारीचा जीपीए, म्हणजे अमेरिकी पद्धतीची गुणांची सरासरी, स्वतः काढत बसू नकोस, मार्क जसे आहेत तसेच कळवायचे असतात.

शिफारसपत्रांवर जरा जास्त लिहिते, कारण आपल्याकडची मुलं सर्वात जास्त इथे अडतात. ज्यांनी इंटिग्रेटेड, म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या क्लासला जोडलेलं कॉलेज घेतलंय, ती दिवसभर क्लासमध्ये असतात आणि कॉलेजात फक्त नाव असतं. त्यांना ओळखणारा एकही शिक्षक कॉलेजात नसतो. तू तो रस्ता घेतला नाहीस, हे फार चांगलं केलंस. पण वर्गात तिसऱ्या बाकावर गप्प बसलीस, तर तुझ्यात आणि त्यांच्यात फरक तो काय? गणिताच्या सरांकडे तास संपल्यावर जा. न सुटलेलं उदाहरण घेऊन जा, सुटलेलं दाखवायला जाऊ नकोस. तू कुठे अडतेस, अडल्यावर काय करतेस, हे त्यांनी पाहिलेलं असलं तरच ते लिहू शकतील. नाहीतर पत्र येतं ‘ही विद्यार्थिनी हुशार, मेहनती व शिस्तप्रिय आहे’, आणि त्या तीन शब्दांत कुणीही मावतं.

एमआयटी एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचं मागतं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांकडच्या शिक्षकांचं. ते तुझ्या मराठीच्या मॅडमकडूनच घे असं मी म्हणेन. तुझ्या वादविवादाची तयारी त्यांनीच करून घेतली. त्यांना मराठीत लिहिणं सोपं जात असेल तर मराठीतच लिहू देत. इंग्रजी भाषांतर कॉलेजमधल्या दुसऱ्या कुणी करावं, तू किंवा घरच्यांनी नाही.

आणि कुणी म्हणालंच, ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ तर आणू नकोस. असं सर्रास चालतं, मला माहीत आहे. शिक्षकांना वेळ नसतो आणि मुलांना नाही म्हणता येत नाही. तरीही नको. ते खोटं आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल पन्नाशीच्या सरांच्या आवाजात लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतंही. त्याऐवजी एका कागदावर तीन-चार प्रसंग लिहून दे, कोणत्या महिन्यात, कोणत्या धड्यावर काय झालं ते. सरांना आठवायला आधार मिळतो, आणि पत्र त्यांचंच राहतं.

तुमच्या कॉलेजात समुपदेशक नाहीत, त्याने अडत नाही. अर्जातला समुपदेशकाने भरायचा फॉर्म उपप्राचार्य भरू शकतात. त्यासोबत कॉलेजची माहिती सांगणारं एक-दोन पानांचं पत्रक जातं. विद्यार्थी किती, कोणत्या शाखा, मार्कांची वाटणी कशी, वरचे दहा टक्के साधारण कितीवर असतात. आपल्या बहुतेक कॉलेजांकडे असं काही तयार नसतं. आकडे जमवायला तू मदत कर, लिहायचं त्यांनी. नववी-दहावीचे कागद शाळेतून आणि पुढचे कॉलेजातून, अशा दोन खिडक्या आहेत तुझ्या. लवकरच्या अर्जाची १ नोव्हेंबरची मुदत धरलीस तर दिवाळीची सुट्टी नेमकी त्याच सुमारास आडवी येते. शिक्के-सह्या गणपतीच्या आत आटपायला हव्यात.

आता तुझी यादी. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या त्या एकाच ऑनलाइन अर्जात, दहा उपक्रमांना जागा असते म्हणून तू दहाही भरलेस. सहावीत सोडलेलं कथक आहे, एका दिवसाचं वृक्षारोपण आहे, ऑनलाइन सर्टिफिकेट आहे. आणि नवव्या क्रमांकावर ‘आत्याला व्यवसायात मदत’. हे वाचून मी खरंच हळहळले. दोन वर्षं तू आत्यांच्या पोळीभाजी केंद्राची वही ठेवतेयस. केलेल्या पोळ्या, विकलेल्या पोळ्या, शिल्लक, वार, तिथी. संकष्टीला आणि श्रावणी सोमवारी मागणी किती घटते, आयटी पार्कातली ऑफिसं शुक्रवारी ओस असली की डब्यांचं काय होतं, हे बघून तू आदल्या रात्री कणकेचा अंदाज सांगतेस आणि आत्या तो मानतात. संख्याशास्त्र शिकायचंय म्हणणाऱ्या मुलीने हे नवव्या क्रमांकावर टाकावं? ते पहिलं घे. वर्णनाला १५० अक्षरंच मिळतात, म्हणून ‘मदत’, ‘अनुभव’, ‘नेतृत्व’ असले शब्द काढ आणि काय मोजलंस, त्यातून काय बदललं तेवढंच लिही. संकष्टी म्हणजे उपासाचा दिवस, एवढं दोन शब्दांत सांगितलंस की परक्या माणसालाही पुरतं. कथक आणि वृक्षारोपण काढून टाक. सहा ओळी खऱ्या असल्या तर दहा लागत नाहीत.

निबंधही बदलावा लागेल. तू लिहिलेले फ्लेमिंगो सुंदर आहेत, ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला हेही खरं. पण तुझा त्या पक्ष्यांशी संबंध एका सहलीपुरता आहे. थोरामोठ्यांच्या वचनाने केलेली सुरुवात तर आधी खोड. ६५० शब्द मिळतात, त्यातले तीस दुसऱ्याला कशाला द्यायचे?

तू मागे बोलता बोलता सांगितलंस ते लिही. शनिवारचा हिशेब जुळेना. शिल्लक कागदावर होती, डब्यात नव्हती. मग कळलं, उरलेल्या पोळ्या आत्या झाडूवाल्या बायकांना देत होत्या आणि सांगत नव्हत्या. तू वहीत ‘दिलेल्या’ असा नवा रकाना आखलास आणि आत्या चिडल्या. दिलेलं मोजायचं नसतं, म्हणाल्या. तू म्हणालीस, मोजलं नाही तर कणीक चुकते. दोघींचंही बरोबर आहे, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. निबंधातही मिटवू नकोस. शेवटी ‘यातून मी शिकले की’ आलं तर मी लाल पेन काढीन. मसुदा चॅटजीपीटीला दाखवून गुळगुळीत करू नकोस. त्याने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांत फसवणूक धरतात, आणि शिवाय तुझं बोलणं त्यात उरत नाही.

तुझ्या मैत्रिणीने प्रवेशाचा सल्ला देणाऱ्यांकडून लाखांचं पॅकेज घेतलंय, त्यात संस्था काढून देतात, शोधनिबंध छापून देतात, म्हणून तू धास्तावली आहेस. धास्तावू नकोस. तिची संस्था अर्ज गेल्यावर बंद पडेल, आत्यांना उद्याही कणकेचा अंदाज लागणार आहे.

पैशांचं बाबांशी आत्ताच बोल. परदेशी मुलाला आर्थिक मदत लागते, हे बहुतेक कॉलेजं निवड करतानाच विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच कॉलेजं ते विचारात घेत नाहीत आणि गरजेइतकी पूर्ण मदत देतात. तरी गरज लपवू नकोस, कारण नंतर मागायची सोय बऱ्याच ठिकाणी नसते. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे मिळालं तर जायचंच असा शब्द देणं. मदतीचे आकडे दुसरीकडच्यांशी ताडून बघता येत नाहीत, तेव्हा बाबांना विचारल्याशिवाय त्यावर खूण करू नकोस. अर्जाची फीसुद्धा बरीच कॉलेजं माफ करतात, मागायला लाजायचं नाही.

तुझ्या यादीत सगळी शिखरंच आहेत. खाली चार-पाच अशी कॉलेजं घे, जिथे तू आनंदाने जाशील आणि मिळण्याची शक्यता बरी आहे. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्थाही घाल. महालनोबिसांनी १९३१मध्ये काढलेली, आणि बी.स्टॅटसाठी, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीसाठी, तिथे निबंध नाही, गणित लागतं. इंग्लंडचं पुढे बघू. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर असते आणि त्यांना विषयाशिवाय दुसऱ्या कशात फारसा रस नसतो.

येत्या रविवारी वही घेऊन ये, मूळ वही, फोटो नको. मदतीच्या अर्जासाठी बाबांचे दोन वर्षांचे आयटीआर आणि फॉर्म १६ एका फोल्डरमध्ये लावून ठेव. आणि निबंधाला हात घालण्याआधी आत्यांना विचार. त्यांचं बोलणं, त्यांनी गुपचूप दिलेल्या पोळ्या हे सगळं परक्यांपुढे जाणार आहे. मसुदा झाला की तो त्यांना मराठीत वाचून दाखव. त्या नको म्हणाल्या तर दुसरा विषय शोधू, माझ्याकडे वेळ आहे.

सस्नेह,
नौपाड्याच्या बाई