गुप्तचर अधिकाऱ्यांची कोणती कौशल्यं नोकरीत खरोखर उपयोगी पडतात?

तुम्ही विचारलंय की गुप्तचर अधिकारी माणसं वळवतात आणि माहिती काढून घेतात, ते कसब मुलाखतीत किंवा पगाराच्या बोलणीत वापरता येईल का. येईल, पण त्यात बोलण्याच्या चलाखीपेक्षा तयारी आणि ऐकणं यांचा वाटा फार मोठा आहे.

यातलं सर्वांत कामाचं तंत्र हान्स शार्फचं. दुसऱ्या महायुद्धात हा जर्मन हवाई दलातर्फे फ्रँकफुर्टजवळच्या ओबरउर्सेल इथे पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांची चौकशी करायचा. मारहाण नाही, दमदाटी नाही. कैद्याला रानात फिरायला न्यायचा आणि त्याच्याच तुकडीतल्या गोष्टी त्याला सहज सांगायचा. अमेरिकी विमानांतून सुटणाऱ्या गोळ्यांमागची धुराची रेघ लाल असायची, ती मध्येच पांढरी का होते हे जर्मनांना उमगत नव्हतं. शार्फने ते विचारलंच नाही. तुमच्याकडे रसायनांचा तुटवडा असावा, एवढंच तो बोलता बोलता म्हणाला. वैमानिकाने लगेच दुरुस्ती केली: पांढरी रेघ म्हणजे गोळ्या संपत आल्याची खूण.

प्रश्न आला की माणूस सावध होतो. चुकीचं विधान कानावर आलं की मात्र ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला राहवत नाही. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पेर आंडर्स ग्रानहाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर प्रयोग केले. आपण जितकी नवी माहिती दिली त्यापेक्षा कमीच दिली, असं माहिती देणाऱ्याला वाटतं, हे त्यांत दिसलं.

आता हे पगाराच्या बोलणीत कसं करायचं? भेटीआधी कागदावर पक्क्या माहीत असलेल्या तीन गोष्टी लिहा आणि हवी असलेली एकच. त्या तीन गोष्टी बोलण्यात आधी येऊ द्या. मग हवी असलेली गोष्ट विधान म्हणून मांडा: ‘या पदासाठी तुमच्याकडे चौदा ते सोळा लाख ठरले असावेत, असा माझा अंदाज आहे.’ आणि थांबा. आकड्यांमधलं अंतर कमी ठेवा. ‘दहा ते वीस’ म्हणालात तर ‘हो, तसंच काहीसं’ एवढंच उत्तर मिळेल. आकडा बाजारभावाच्या वरच्या टोकाचा हवा, कारण खालचा आकडा तुमच्याच गळ्यात पडतो. हा विषय संभाषणाच्या मध्यावर काढा, सुरुवात आणि शेवट लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

बिघडतं ते बहुधा उत्तर मिळाल्यानंतर. डोळे चमकतात, ‘अरे, खरंच?’ तोंडातून निघतं आणि समोरचा मिटतो. शार्फ नवी माहितीही जुनीच असल्यासारखी ऐकायचा. दुसरी चूक म्हणजे ‘पक्की’ म्हणून सांगितलेली गोष्टच चुकीची निघणं. मग तुम्ही अंधारात तीर मारताय हे उघड होतं. आणि एक मर्यादा पाळाच: अंदाज हा अंदाज म्हणूनच सांगा, खोटं रचू नका, आणि प्रतिस्पर्धी कंपनीतल्या माणसाकडून गोपनीय माहिती काढू नका. त्याची नोकरी जाईल आणि तुमच्यावर कायदेशीर कारवाई होऊ शकेल.

प्रभाव पाडण्याबद्दल थोडक्यात. खबऱ्या मिळवताना अधिकारी आधी योग्य माणूस हेरतो, मग त्याची गरज ओळखतो, मग संबंध वाढवतो. मागणी त्यानंतर येते, तोवर होकार जवळजवळ ठरलेला असतो. बढती मागणारे बरेच जण मात्र थेट मागणीपासून सुरुवात करतात. निर्णय नक्की कोणाच्या हातात आहे आणि त्या व्यक्तीची या तिमाहीतली सर्वांत मोठी अडचण कोणती, हे कळेपर्यंत अर्ज देऊ नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते करिअरला सर्वांत जास्त हात देणारं कौशल्य गुप्तचर विश्लेषकांचं आहे: शक्यता आकड्यांत सांगणं. १९५१ साली सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचं लिहिलं होतं. तिथले विश्लेषक शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना याचा अर्थ विचारला, तर कोणाच्या मनात शंभरात वीस होते, कोणाच्या ऐंशी. सगळ्यांनी एकाच वाक्याला संमती दिली होती! पुढे केंट यांनी शब्दांना आकडे लावून दिले. ‘संभाव्य’ म्हणजे सुमारे ७५ टक्के, बारा इकडे-तिकडे. तुम्हीही ‘शुक्रवारपर्यंत बहुतेक होईल’ असं लिहू नका. ‘शुक्रवारची शक्यता ७५ टक्के, पुरवठादाराची फाईल गुरुवारी दुपारपर्यंत आली नाही तर ३०’ असं लिहा. साहेबाला त्यावर ठरवता येतं, आणि तुमचे अंदाज किती बरोबर येतात हे दोघांनाही मोजता येतं.

ऑफिसातल्या कुजबुजीसाठी ब्रिटिश नौदलाची जुनी पद्धत वापरा: सांगणारा किती भरवशाचा यासाठी ए ते एफ अशी एक श्रेणी आणि बातमी किती खरी वाटते यासाठी १ ते ६ अशी दुसरी, दोन्ही स्वतंत्रपणे. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगतो, म्हणून श्रेण्या एकत्र करायच्या नाहीत. भेट संपल्यावर तासाभरात वहीत दोन रकाने भरा, एकात तो जे बोलला ते आणि दुसऱ्यात तुम्ही त्यावरून जे ताडलं ते.