दिसलं ते आणि वाटलं ते

सोलापूर

चि. हीस,
अनेक आशीर्वाद.

हवाई छायाचित्रं वाचण्याचं काम मिळाल्याचं कळलं, फार आनंद झाला. ऑफिसात तुला सांगितलंय की सॉफ्टवेअर आलं की झालं. सॉफ्टवेअर तू लवकर शिकशील, त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती डोळ्याच्या घाईची. फोटो समोर आला की मन लगेच नाव देऊन मोकळं होतं: हे तळं, हा ऊस, हे पडीक. आणि एकदा नाव दिलं की आपण बघायचं थांबतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत दोन रकाने पाड. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. या दोहोंची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हेच मला तुला मुख्यतः सांगायचंय.

समज, फोटोत एक गडद चौकोन दिसला. डावीकडे लिही: रंग एकसारखा, कडा सरळ, कोपरे चार, भोवती फिकट पट्टा, 1:10,000 च्या फोटोवर बाजू 3 मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर 30 मीटर. एवढं नोंदवल्यावर उजवीकडे 'शेततळं' लिहायला आधार मिळतो, तो फिकट पट्टा म्हणजे उपसलेल्या मातीचा भराव. आता थोडं पुढं तसाच दुसरा गडद डाग आहे. पण याच्या कडा वेड्यावाकड्या, आत एका बाजूला कड्याची सावली, भोवती फिकट ढिगारे, आणि डंपर उतरतात तसा एक रस्ता थेट आत गेलेला. पाणी इथंही आहे, पण ही दगडाची खाण. दोन्हींना एकच निळा रंग दिलास तर नकाशा छान दिसेल, आणि उद्या टंचाईचा आराखडा करणारा माणूस खाणीतलं पाणी सिंचनाच्या हिशेबात धरेल. आपली चूक कागदावर राहत नाही, कुणाच्या तरी शेतापर्यंत जाते.

रंगछटा, पोत, आकार, आकारमान, सावली, रचना, ठिकाण, आजूबाजूचा संबंध ही लक्षणं तुला पाठ असतीलच. एका लक्षणावर निकाल द्यायचा नाही, तीन-चार लक्षणं एकाच बाजूला बोट दाखवू लागली तरच द्यायचा. वाढलेला ऊस वरून सलग, दाट दिसतो. डाळिंबाच्या बागेत भिंगाखाली ठिपक्यांच्या ओळी आणि मधली उघडी जमीन दिसते. द्राक्षबागेचे सरळ पट्टे दिसतात. पण सांगोल्याकडच्या नव्या लागवडीची रोपं एवढी लहान असतात की ठिपके दिसतच नाहीत. तिथं ठिबकचं शेततळं, पायवाट, शेजारची जुनी बाग यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज आहे असं लिहावंही लागतं.

फोटोची तारीख आधी बघ. ऑगस्टच्या फोटोत मंगळवेढ्याचं काळं रान उघडं दिसतं, म्हणून त्याला पडीक म्हणायचं नाही. ते रान रब्बीच्या ज्वारीसाठी राखलेलं असतं, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. उजनी धरणाचंही तसंच. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक पिकं घेतात. मार्चच्या फोटोवरून आखलेला काठ नोव्हेंबरच्या फोटोशी जुळणार नाही, आणि दोन्ही फोटो खरेच असतील. पेरणी कधी, काढणी कधी, कालव्याला पाणी कधी सुटतं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत नाही. ते बांधावरच्या माणसाला विचारायचं.

सावलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं हुशार मुलंही फसतात. हिवाळ्यात आपल्याकडे सावल्या उत्तरेकडे पडतात. नकाशाच्या सवयीनं उत्तर वर ठेवून फोटो पाहिलास तर सावली तुझ्यापासून दूर जाते आणि ओढा बांधासारखा फुगलेला दिसू लागतो. उजेड वरूनच येतो असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे खोल आणि उंच यांची अदलाबदल होते. फोटो फिरवून सावल्या आपल्याकडे येतील असा धर, ओढा पुन्हा खाली बसतो. सावलीचा उपयोगही मोठा. कारखान्याची चिमणी बरोबर वरून पाहिली तर बारीकसा गोल दिसते, ती चिमणी आहे हे तिची लांब सावलीच सांगते. मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो. त्या वेळच्या फोटोकडून उंचीची अपेक्षा ठेवू नकोस.

स्टिरिओसाठी, म्हणजे दोन डोळ्यांनी दोन फोटो एकत्र पाहून उंच-सखल दिसावं यासाठी, लागोपाठचे दोन फोटो साधारण 60 टक्के एकमेकांवर आलेले असतात. त्यात चढउतार असतात त्याहून जास्त उठावदार दिसतात, टेकाडाचा डोंगर होतो. डोळे थकले की सरळ उठ.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या मेडमेनहॅम इथं हवाई फोटो वाचणारं मोठं केंद्र होतं. पेनेमुंडे या जर्मन शस्त्रचाचणी केंद्राच्या 1943 मधल्या फोटोत तिरक्या प्रक्षेपण-पट्टीवरचं चिमुकलं विमान कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी ओळखलं. ते जर्मनांचं व्ही-1, म्हणजे बिनवैमानिकाचा उडता बॉम्ब होतं. युद्धाआधी कॉन्स्टन्सबाई विमानांविषयी लिहीत असत, म्हणजे विमान हा विषय त्यांच्या डोळ्यांत आधीच मुरलेला होता. तुझ्या डोळ्यांत आपली जमीन तशी मुरायला हवी: काळी, मुरमाड, बांध, चारी, बाभळीचं बन, धाब्याचं घर.

आता सर्वांत अवघड भाग. उन्हाळी फोटोत कोरड्या रानातून हिरव्या झाडांची सरळ रेघ गेलेली दिसेल. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून चालतं, म्हणून ती भेग असू शकेल. पण जुना बांध असेल, गळकी पाइपलाइनही असेल. अशा वेळी 'नक्की', 'बहुधा', 'शक्य' यांतला योग्य शब्द निवडून लिही. साहेबांना एकच उत्तर हवं असतं आणि 'बहुधा' ऐकून ते कपाळाला आठ्या घालतील. तरी शब्द बदलू नकोस. त्या नोंदीवर कुणीतरी कर्ज काढून बोअर घेणार असतो.

गावठाणाच्या ड्रोन फोटोंवर तर जास्तच जपून. गावातल्या घरांच्या मालकीची नोंद करणारी स्वामित्व योजना 2020 मध्ये सुरू झाली, तिच्यात ड्रोन उडण्याआधी गावकऱ्यांसमोर चुन्याच्या रेषा मारतात. हद्द माणसांनी ठरवलेली असते, फोटो ती फक्त टिपतो. छपराचा पत्रा भिंतीच्या बाहेर फूटभर आलेला असतो, त्या पत्र्याची कड भिंत म्हणून आखलीस तर दोन भावांत भांडण लागेल.

शेजारी बसणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर एक सवय लाव. एकच फोटो दोघांनी न बोलता वाचायचा आणि मग ताडून बघायचा. जिथं मतं जुळत नाहीत त्या जागा फील्डच्या, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघायच्या यादीत सर्वांत वर घाल. जाताना फोटोचा प्रिंट बरोबर ने, शेतात शिरण्याआधी मालकाला हाक मार, आणि काम कशासाठी आहे ते नीट सांग. प्रिंटवर देऊळ आणि रस्ता दाखवलास की त्याची विहीर तोच शोधून देईल. पहिली यादी झाली की मला पाठव. मंगळवेढ्याकडच्या जागा असतील तर मीही येतो.

तुझे
सर