वाचक विचारतात : नमुना, बर्फ आणि ३८४

मेडिकल कॉलेजांतल्या संशोधनाबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी आमच्या गावात फवारणी करणाऱ्यांचे रक्त सप्टेंबरात घेतले, पुन्हा डिसेंबरात घेतले. माझा पहिला आकडा १२ आला, दुसरा ९. दोन्ही रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिले आहे. तरी डॉक्टरांनी मला एकट्याला बसवून फवारणी कशी करता, मास्क कोणता, कपडे कधी बदलता, असे खोदून विचारले. नॉर्मल आहे तर चौकशी कशाला? आणि ट्यूब बर्फात घालून का नेली?
– द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ही कोलिनएस्टरेजची तपासणी. नसांकडून स्नायूकडे निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलिन हे द्रव्य काम झाले की तोडून टाकायचे, हे या एन्झाइमचे काम. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशके त्याला चिकटतात आणि ते निकामी होते. मग घाम, लाळ, डोकेदुखी, स्नायूंची फडफड सुरू होते.

या एन्झाइमची पातळी माणसागणिक फार वेगळी असते, त्यामुळे नॉर्मलची पट्टी रुंद ठेवावी लागते. मूळचाच जास्त असलेला माणूस चांगला पाव हिस्सा गमावूनही त्या पट्टीतच राहतो. तुमचे तेच झाले आहे. १२ चे ९ म्हणजे स्वतःच्या मूळ पातळीच्या ७५ टक्के. कॅलिफोर्नियात शेतमजुरांसाठी असलेल्या नियमांत आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली गेला की कामाची पद्धत तपासायची असते. तांबड्या पेशींतले एन्झाइम ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातले (रक्ताच्या पातळ भागातले) ६० टक्क्यांवर आले, की त्या माणसाला कीटकनाशकाच्या कामावरून बाजूला करायचे, आणि ८० टक्क्यांपर्यंत भरून आल्यावरच परत घ्यायचे. तुमची चौकशी योग्यच होती.

सप्टेंबर निवडला तो द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधीचा शांत काळ म्हणून. मूळ पातळी फवारण्या सुरू होण्याआधीच घ्यावी लागते. बागलाणातल्या अर्ली छाटणीच्या गावांत सप्टेंबरात गेलेला संशोधक मात्र फसतो. तिथे बागा पावसाळ्यातच छाटलेल्या असतात आणि ‘मूळ’ म्हणून घेतलेला आकडा आधीच घसरलेला असतो.

बर्फाचे कारण असे : रक्त ट्यूबमध्ये गेले तरी त्यातले कीटकनाशक थांबत नाही, उरलेल्या एन्झाइमला चिकटतच राहते आणि आकडा खोटा खाली जातो. कार्बामेट या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकांचे उलटे होते. ती आपोआप सुटतात, एन्झाइम मोकळे होते आणि आकडा खोटा चांगला दिसतो. गारठ्यात दोन्ही मंदावते. सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवायला लावतात तेही याचसाठी. कातडीवरचे औषध नमुन्यात उतरले की सगळेच वाया. विशेषतः बोटाच्या टोकातून रक्त घेताना.

आता या तपासणीची मर्यादा. ऑक्टोबरनंतरच्या बहुतेक फवारण्या डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी असतात. मॅन्कोझेब, कॉपर, गंधक यांचा या एन्झाइमवर सांगण्यासारखा परिणाम होत नाही. इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक असले तरी त्याची वाट वेगळी, ते इथे दिसत नाही. कार्बामेटचा परिणाम काही तासांत ओसरतो, म्हणून दुसऱ्या दिवशीचे रक्त कोरेच निघते. तेव्हा चांगला आकडा म्हणजे ‘फवारणी बाधत नाही’ असा दाखला नव्हे. संशोधकांनी तुमच्या फवारणीच्या वहीची नक्कल मागितली नसेल, तर तुम्ही होऊन द्या. तिच्याशिवाय या आकड्यांचा अर्थ अर्धाच लागतो.

तांबड्या पेशींतली घसरण नव्या पेशी येतील तशी, साधारण दिवसाला एक टक्का भरून येते. प्लाझ्मातली त्याहून लवकर भरते, पण ती यकृताच्या आजारात आणि गरोदरपणातही कमी असते. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करून घ्या. दोन वेगळ्या किटचे आकडे शेजारी ठेवण्यात काही राम नाही.

प्रश्न : माझ्या थीसिससाठी सुरगाणा भागातल्या निरोगी लोकांचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रावर घेऊन, आइसपॅक असलेल्या व्हॅक्सीन कॅरिअरमधून चार तासांनी नाशिकला आणते. सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) १० मिनिटे फिरवून सीरम, म्हणजे गुठळीवरचे पातळ द्रव, काढते. अनेकांचे पोटॅशियम ६ च्या वर येते. मशीनचे कॅलिब्रेशन बरोबर आहे. चूक कुठे?
– एमडीची विद्यार्थिनी, आडगाव

उत्तर : वरच्या उत्तरात ज्या बर्फाने काम साधले, तोच तुमच्या नमुन्याला नडतो आहे. पोटॅशियम पेशीच्या आत कोंडून ठेवणारा पंप थंडीत मंदावतो आणि न फिरवलेल्या रक्तातले पोटॅशियम बाहेर झिरपते. पेशी फुटत नाहीत, सीरम स्वच्छ पिवळे दिसते, म्हणून शंका येत नाही.

तरी अंदाजावर जाऊ नका. प्रत्येक नमुन्याचा रंग आणि कॅल्शियम बघा. सीरम गुलाबी असेल तर पेशी फुटल्या आहेत, आणि एलडीएच व एएसटी ही पेशींतली एन्झाइमसुद्धा वर गेलेली असतील. कॅल्शियम अवास्तव खाली आणि पोटॅशियम खूप वर असेल, तर जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले ईडीटीए (रक्त गोठू न देणारे द्रव्य) सीरमच्या लाल ट्यूबमध्ये गेले आहे. ईडीटीए हे पोटॅशियमचे मीठ, आणि कॅल्शियम धरून ठेवणारे. कुणीतरी जांभळी आधी भरली, किंवा लाल कमी भरली म्हणून जांभळीतले चार थेंब तिच्यात ओतले. हे दुसरे सर्रास चालते आणि कुणी कबूल करत नाही. सीरम स्वच्छ, कॅल्शियम ठीक आणि फक्त पोटॅशियम वर असेल, तर थंडी आणि उशीर. तुमच्या वर्णनावरून बहुतेक नमुने याच गटात निघतील.

उपाय म्हणजे छोटा सेंट्रिफ्यूज केंद्रावरच न्या. लाल ट्यूब ३० मिनिटे खोलीच्या तापमानाला उभी ठेवा, गुठळी पूर्ण होऊ द्या, मग फिरवा. रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत सीरम वेगळे झालेच पाहिजे. वेगळे केलेले सीरम मग खुशाल बर्फात घालून नाशिकला आणा. जेल असलेली ट्यूब एकदाच फिरवायची. सीरम कमी निघाले म्हणून पुन्हा फिरवली की जेलखाली अडकलेले पोटॅशियम वर येते.

‘३००० आरपीएम’ हा आकडा थीसिसमध्ये एकटा लिहू नका. खरे बल त्रिज्येवर ठरते : ०.००००१११८ गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १० सेंमी असेल तर ३००० आरपीएमला सुमारे १००६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००६ पट) मिळते, १५ सेंमीला सुमारे १५०९. त्रिज्या मोजायची ती मधल्या दांड्यापासून आडव्या झालेल्या ट्यूबच्या तळापर्यंत. सीरमला १००० ते २००० जी, १० मिनिटे पुरे. केंद्रावरचे छोटे मशीन ८ सेंमीचे असेल तर त्याच आरपीएमला जेमतेम ८०५ जी मिळेल. तिथे वेग वाढवावा लागेल.

रक्त घेताना स्पिरिट वाळू द्या, मूठ वारंवार उघडझाप करायला सांगू नका, आणि सिरिंजने घेतले असेल तर सुई काढून ट्यूबच्या कडेने सोडा. सुईतून दाबून सोडलेले रक्त हमखास फुटते. प्रत्येक ट्यूबवर दोन वेळा लिहा : काढल्याची आणि फिरवल्याची. आतापर्यंतच्या नमुन्यांचे पोटॅशियम सोडून द्या. आकड्यातून ठरावीक काही वजा करून ते सुधारता येत नाही.

प्रश्न : आश्रमशाळेतल्या मुलांचे रक्त सिकलसेलच्या संशोधनासाठी घ्यायचे आहे. मुख्याध्यापकांची सही पुरे का? पालक मजुरीला गेलेले असतात, बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नाही.
– आशा सेविका, पेठ तालुका

उत्तर : ताई, पुरे नाही. मुख्याध्यापकांची सही शाळेत येण्याच्या परवानगीची. मुलाच्या रक्ताची संमती पालकांनीच द्यायची. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी संमतीही घ्यावी लागते. मूल नको म्हणाले तर पालकांच्या सहीच्या जोरावर आग्रह धरायचा नाही.

अंगठा चालतो. पण संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा, आणि त्याची सही हवी. अंगठा मागायचा तो कागद वाचून दाखवून, जमल्यास कोकणा बोलीत समजावून झाल्यावर. पालक गाठायचे तर दिवाळीच्या सुट्टीला मुले न्यायला येतात तो दिवस धरा. त्यानंतर निम्मी घरे निफाड-दिंडोरीच्या बागांवर असतात.

सरकारी सिकलसेल मोहिमेतली तपासणी आणि संशोधन यांची गल्लत होऊ देऊ नका. मोहिमेसाठी घेतलेले रक्त संशोधनाला वापरायचे असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते.

सोल्युबिलिटी टेस्ट ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून पालकांना ‘आजार आहे’ असे सांगू नका. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. तो एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी कळतो. सहा महिन्यांखालचे बाळ, नुकतेच रक्त चढवलेले मूल आणि हिमोग्लोबिन फार कमी असलेले मूल यांत ती खोटी निगेटिव्हही येते. निकाल वर्गात वाचून दाखवायचा नाही. मुलींच्या बाबतीत तर ती बातमी लग्न ठरेपर्यंत पाठ सोडत नाही.

प्रश्न : सिनिअरांच्या बहुतेक थीसिसमध्ये नमुन्यांची संख्या ३८४ किंवा ४०० का असते? मीही तेच लिहू का?
– निवासी डॉक्टर, नाशिक

उत्तर : आजाराचे प्रमाण ५० टक्के आणि उत्तरात चालणारी चूक ५ टक्के धरली की १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) चा वर्ग गुणिले ५० गुणिले ५० भागिले २५ म्हणजे ३८४.१६. खरे तर ३८५ लिहायला हवेत. १.९६ च्या वर्गाऐवजी सरळ ४ घेतले की ४००. आरोग्य विद्यापीठाला पाठवायच्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) हा आकडा आजार न बघताच उतरवला जातो.

तुमच्या आजाराचे प्रमाण २ टक्के असेल आणि चूक तीच ५ टक्के ठेवली, तर उत्तर येते ३१. एकतीस जणांत एकही रुग्ण न सापडण्याचीच शक्यता जास्त. चूक १ टक्का धरा, ७५३ येतील. त्यातले १० टक्के गळतील असे वाटत असेल तर ७५३ ला ०.९ ने भागा, ८३७ होतात. ७५३ मध्ये १० टक्के मिळवले तर थोडे कमी पडतात. गावे निवडून गावागावांतून माणसे घेणार असाल तर डिझाइन इफेक्टने (एका गावातली माणसे एकमेकांसारखी असतात, त्याची भरपाई करणाऱ्या आकड्याने) गुणावे लागेल, आणि तो २ असला तर संख्या दुप्पट. दोन उपचारांची तुलना असेल तर हे सूत्र लागूच नाही. त्यासाठी किती फरक दिसला म्हणजे तो रुग्णाच्या उपयोगाचा, हे आधी गाइडबरोबर बसून ठरवा आणि मगच संख्याशास्त्रज्ञाकडे जा.