मेव्हॅलोनेट पाथवे आवडला, पुढे काय?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला मेव्हॅलोनेट पाथवे (पेशी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ ज्या रासायनिक पायऱ्यांनी बनवते ती साखळी) घेतला. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी याच पाथवेवर काम करते हे कळलं आणि विषय आवडू लागला. यात करिअर होतं का? एम.फार्म. करू का? घरचे बी.एड.वर अडून बसलेत.

उत्तर : एम.फार्म.चा विचार सोड, त्याला बी.फार्म. लागतं. बी.एड.ची घाई नको. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं म्हटलं तरी एम.एस्सी. लागतेच, तेव्हा आधी ती कर. बी.एड. नंतरही करता येतं, हे घरी सांग.

आता पाथवे. त्याच्या नावाची नोकरी कुठेच नसते, त्याच्या आधाराने चालणारी कामं असतात. तुझ्या पदवीला सगळ्यात जवळचं काम फर्मेंटेशनचं. लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं, स्टॅटिन गटातलं औषध ॲस्परजिलस टेरियस बुरशी वाढवूनच मिळतं. ते एचएमजी-कोए रिडक्टेज (एचएमजी-कोए या रेणूचं मेव्हॅलोनेट करणारं एन्झाइम) अडवतं आणि मेव्हॅलोनेट तयार होणं मंदावतं.

याच पाथवेचा दुसरा उपयोग म्हणजे मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध सूक्ष्मजीवांकडून बनवून घेणं. ई. कोलाय या जिवाणूचा स्वतःचा मार्ग वेगळा, एमईपी नावाचा. म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २००३ मध्ये यीस्टचा मेव्हॅलोनेट पाथवे त्यात बसवला. पुढे अडचण आली ती अशी : रिडक्टेज कमी पडलं की एचएमजी-कोए साचतं आणि पेशींची वाढ खुंटते. नुसते जीन घालून भागत नाही, एन्झाइमांचं प्रमाण जुळावं लागतं. २०१३ पर्यंत यीस्टमधून लिटरला २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक ॲसिड (ज्यापासून आर्टेमिसिनिन बनवतात) मिळू लागलं. तरी झाडापासून काढलेलं आर्टेमिसिनिन स्वस्त पडल्याने बाजारात यीस्टवालं मागे राहिलं. म्हणून उत्पादनाचा हिशेब जमणाऱ्याला इथे किंमत आहे.

तो हिशेब आजच करून बघ. एका ग्लुकोजपासून दोन असेटिल-कोए (पाथवेचा दोन कार्बनचा कच्चा माल) मिळतात. पाथवेतून निघणाऱ्या पाच कार्बनच्या एका आयपीपीला तीन असेटिल-कोए, दोन एनएडीपीएच (रिडक्शनसाठी) आणि तीन एटीपी (ऊर्जेसाठी) लागतात. आर्टेमिसिनिन ज्यापासून बनतं त्या १५ कार्बनच्या एफपीपीसाठी तीन आयपीपी, म्हणजे नऊ असेटिल-कोए, साडेचार ग्लुकोज. २७ कार्बन आत गेले, १५ हाती आले, १२ कार्बन डायऑक्साइड होऊन उडाले. एनएडीपीएचसाठी लागणारं ग्लुकोज अजून धरलेलंच नाही! मुलाखतीत पाथवेचं चित्र पुष्कळ जण काढतात, हा हिशेब थोडेच मांडतात.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला रोडोटोरुला हे यीस्ट घे. फळाच्या सालीवरून किंवा हवेतून साबुरो अगारवर (बुरशी-यीस्टचं माध्यम) गुलाबी-केशरी कॉलन्या मिळतात. त्यांचा रंग म्हणजे कॅरोटिनॉइड्स, याच पाथवेतून बनलेले. मग ते वाढव : वाय.ई.पी.डी. ब्रॉथ (यीस्टचं द्रव माध्यम), ३० अंश, १५० आरपीएम, ७२ ते ९६ तास. पेशी धुऊन वाळव, वजन कर. डीएमएसओ या द्रावकात ५५ अंशांना फोड, मग रंग ॲसिटोनमध्ये उतरव. अवशेष पांढरा होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढ. ४५० ते ४९० नॅनोमीटरमध्ये स्कॅन करून शिखर शोध. शोषण ०.५, आकारमान १० मिली, कोरडं वजन ०.२ ग्रॅम आणि शोषण गुणांक (१% द्रावण, १ सेंमी) २५०० धरला, तर ग्रॅमला १०० मायक्रोग्रॅम रंग. उजेडात ठेवलं तर रंग उडतो, आणि अर्क गढूळ असेल तर आकडा फुगतो.

एका फ्लास्कला स्टॅटिन देऊन तुलना केलीस तर जपून. स्टॅटिनने एर्गोस्टेरॉल (यीस्टच्या पेशीपटलाला लागणारं स्टेरॉल) हेही घटतं, त्यामुळे वाढच कमी होते. म्हणून रंग ग्रॅम कोरड्या वजनामागे मोज, फ्लास्कमागे नको.

औषधांच्या संशोधनात, म्हणजे सेल कल्चरमध्ये, जायचं तर एक गोष्ट पक्की कर. सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन लॅक्टोन, म्हणजे बंद कड्याच्या रूपात येतं. अल्कलीने त्याचं कडं उघडून, सामू जुळवूनच ते पेशींना देतात. नंतर मेव्हॅलोनेट घालून पेशी सावरल्या, तरच परिणाम या पाथवेतून झाला असं म्हणता येतं. निदानाचंही काम आहे : मेव्हॅलोनेट कायनेज या पाथवेतल्या एन्झाइमच्या दुर्मीळ आजारात लघवीत मेव्हॅलोनिक ॲसिड तपासतात. ती वाट मेडिकल बायोकेमिस्ट्रीतून जाते, तिथे जागा मोजक्या.

परीक्षा दोन धर. जॅम या आयआयटींच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर (फेब्रुवारीत, अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात) दिलास तर आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणची एम.एस्सी. मिळू शकते. दुसरी गॅट-बी, जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठीची. दोन्हींत बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र येतं, आणि मायक्रोबायोलॉजीवाले तिथेच अडतात. गणित बारावीला सोडलं असशील तर तयारी तिथूनच सुरू कर. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट ही परीक्षा. तिच्यातून जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. टर्पेनॉइडवर (आयपीपीपासून बनणाऱ्या पदार्थांवर) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) काम चालत आलं आहे, औषधी वनस्पतींसाठी लखनौची सीमॅप ही संशोधन संस्था आहे. अर्ज करण्याआधी तिथल्या गटांचे ताजे शोधनिबंध वाच आणि प्रोजेक्टचे आकडे जोडूनच ईमेल पाठव.