सापडलेला आकडा आणि ठेवलेला आकडा

तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही एका अणुवीज प्रकल्पाच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काम करता. नेहमीच्या कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे यंत्राचे वाचन प्रमाणाशी ताडून पाहताना, संरक्षण प्रणालीच्या एका चॅनेलचा (स्वतंत्र मापनसाखळीचा) प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे दाब मोजून त्याचा संकेत पाठवणारे यंत्र, मर्यादेबाहेर सापडला, तो तुम्ही तिथल्या तिथे जुळवून दिला, आणि पंधरवड्याने दुसऱ्या चॅनेलचाही तसाच निघाला. ‘जुळवून झाले आहे, आता नियामकाला कळवण्यासारखे काय उरले?’ असे तुमचे वरिष्ठ म्हणतात (नियामक म्हणजे अणुसुरक्षेवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था), आणि मुख्यालयाने आधी कारण शोधायला सांगितले आहे. आपण गप्प बसावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की गप्प बसू नये. बावीस वर्षांपूर्वी मी नेमकी याच जागी होते आणि गप्प बसले होते, म्हणून हे उत्तर थोडे लांबेल.

आधी दोन गोष्टी सांगते. मी कायद्याची जाणकार नाही, आणि कोणती घटना किती वेळात कळवायची हे प्रत्येक देशात निराळे असते, त्यामुळे तुमच्या प्रकल्पाचा परवाना आणि त्याला जोडलेल्या तांत्रिक अटी हाच तुमच्यासाठी अखेरचा शब्द समजावा. माझ्या प्रकल्पाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम सांगितलेले नाहीत. परवाना कसा मिळतो, सर्व्हेलन्स चाचण्या (सुरक्षा यंत्रणांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासण्या) कशासाठी असतात, हे तुम्हाला माहीत आहे असे धरून पुढे जाते.

माझी चूक अशी झाली. अणुभट्टीतील दाब कमी झाला की ती आपोआप बंद व्हावी यासाठी आमच्याकडे तीन चॅनेल होते आणि तिघांपैकी दोघांनी कौल दिला की ट्रिप होत असे, म्हणजे अणुभट्टी बंद पडत असे. पहिल्या ट्रान्समीटरवर गेले, तर तो खऱ्या दाबापेक्षा जास्त दाखवत होता. हाताला सवय अशी होती की आधी शून्य जुळवायचे आणि मग वाचने घ्यायची. मी तसेच केले, आणि त्या एका कृतीने सापडलेला आकडा कायमचा पुसला गेला. फॉर्मवर दोन रकाने होते, एक सापडलेल्या स्थितीचा आणि एक ठेवलेल्या स्थितीचा. दुसऱ्यात मी पाचही बिंदूंची वाचने नीट लिहिली; पहिल्यात ‘मर्यादेबाहेर, दुरुस्त केले’ एवढेच लिहिले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या चॅनेलवर आणि पुढच्या महिन्यात तिसऱ्या चॅनेलवर तेच घडले. तिन्ही फॉर्मांवर समाधानकारक असा शेरा पडला, कारण मी निघताना तिन्ही यंत्रे खरोखरच समाधानकारक होती.

ठेवलेला आकडा यंत्र आज कसे आहे ते सांगतो. सापडलेला आकडा मागच्या कॅलिब्रेशनपासून आजपर्यंत अणुभट्टी कोणत्या संरक्षणाखाली चालली ते सांगतो, आणि नियामकाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. एक चॅनेल भरकटला तर उरलेले दोघे कौल देऊ शकतात. तिघेही एकाच दिशेने भरकटले असतील, तर तीन चॅनेल ठेवण्यामागचा सगळा हिशेबच कोलमडतो, कारण मग तिघांच्या मागे एकच कारण काम करत असते. ते ओळखण्याची एकमेव सामग्री म्हणजे ते तीन आकडे, आणि ते मी स्वतःच्या हाताने घालवले होते.

तिसऱ्या चॅनेलनंतर मलाही शंका आली आणि मी टिपण वर पाठवले. पुढे ते आमच्या मुख्यालयातील परवानाविषयक कामे पाहणाऱ्या कार्यालयात अडकले, आणि याबद्दल आजही मला शांतपणे लिहिता येत नाही. नियामकाशी होणारा सर्व पत्रव्यवहार त्या कार्यालयातूनच व्हावा असा दंडक होता. तिथून पहिले उत्तर आले ते असे की मूळ कारण निश्चित झाल्याशिवाय बाहेर काहीही जाणार नाही. मी लिहिले की कारण शोधण्यासाठी ट्रान्समीटर काढून उत्पादकाकडे पाठवावे लागतील. त्यावर विचारणा झाली की जुळवलेली यंत्रे काढण्याचे प्रयोजन काय. तिसऱ्या पत्रात सांगण्यात आले की आंतरराष्ट्रीय घटनाश्रेणीवर ही घटना शून्यावरच राहील, म्हणून ती कळवण्याचे कारण नाही. तुमच्या वरिष्ठांनीही हाच दाखला दिल्याचे दिसते, म्हणून सांगते: 0 ते 7 ची ती श्रेणी एखाद्या घटनेचे गांभीर्य जनतेला समजावे यासाठी आहे. काय कळवायचे आणि काय नाही हे परवान्याच्या अटी ठरवतात, ती श्रेणी ठरवत नाही.

कारण आधी आणि कळवणे नंतर, हा क्रमच मुळात उलटा आहे. कळवणे दोन टप्प्यांत असते आणि त्यामागे विचार आहे. अमेरिकेत एनआरसीच्या, म्हणजे तिथल्या अणुनियामक आयोगाच्या, नियमांप्रमाणे काही घटना एका तासात, काही चार तासांत आणि काही आठ तासांत दूरध्वनीवरून कळवाव्या लागतात; कारणे आणि उपाय सांगणारा सविस्तर लेखी अहवाल देण्यास मात्र 60 दिवस मिळतात. कारण तातडीने सापडणार नाही हे नियम लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले आहे. घटना लक्षात आली की घड्याळ सुरू होते, ती समजण्याची वाट ते पाहत नाही. आमच्या देशातील मुदती वेगळ्या असल्या तरी रचना हीच होती, आणि त्या कार्यालयाने ती वाचलेली नव्हती असे मी म्हणणार नाही. वाचूनही तिकडे दुर्लक्ष केले, हे मला अधिक खटकते.

शेवटी हे उघडकीस आणले नियामकाच्या निरीक्षकाने. नियोजित तपासणीत त्यांनी तीन कामांचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एकच प्रश्न विचारला: जुळवण्याआधी वाचन किती होते? खोलीतल्या कोणाकडेही उत्तर नव्हते. ट्रिप सुरक्षित मर्यादेतच झाली असती हे आकड्यांनी दाखवता येत नव्हते, म्हणून मागच्या यशस्वी कॅलिब्रेशनपासूनच्या संपूर्ण काळात ते संरक्षण उपलब्ध नव्हते असेच धरावे लागले. त्या जातीचे सर्व ट्रान्समीटर तपासून सेटपॉइंटची (कोणत्या दाबाला ट्रिप व्हावी त्या आकड्याची) गणिते नव्याने मांडेपर्यंत युनिट बंद राहिले. माझे सुरक्षा प्रणालींवर काम करण्याचे प्राधिकारपत्र काढून घेण्यात आले आणि पुन्हा परीक्षा देईपर्यंत ते मिळाले नाही. हा निर्णय योग्य होता, असे मी तेव्हाही मानले आणि आजही मानते. कदाचित ते भरकटणे किरकोळ असेल आणि आकडे असते तर एका बैठकीत विषय मिटला असता. ते मला कधीच कळणार नाही, आणि ती रुखरुख प्राधिकारपत्र जाण्यापेक्षा मोठी आहे.

नियामक आपल्यावर डोळे वटारून बसलेला असतो, ही समजूत नव्या लोकांत फार असते. प्रत्यक्षात त्याचे डोळे मोजके असतात. अमेरिकेत प्रत्येक प्रकल्पस्थळी सर्वसाधारणपणे किमान दोन निवासी निरीक्षक असतात. हजारो यंत्रे आणि दर आठवड्याच्या शेकडो कामांपुढे ही संख्या किती पुरणार? ते नमुने पाहतात, उरलेले आपल्या कागदांवरून जाणतात. सुरक्षेची पहिली जबाबदारी परवानाधारकाची, हे तत्त्व 1994 च्या अणुसुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेले आहे, आणि देखरेखीची सगळी इमारत त्यावर उभी आहे. कागदच कोरा ठेवला तर त्या इमारतीला पाया उरत नाही.

शिवाय तो कागद फक्त आपल्या प्रकल्पापुरता नसतो. 24 सप्टेंबर 1977 रोजी अमेरिकेतील डेव्हिस-बेसी प्रकल्पात दाब सोडणारा झडप उघडाच अडकला आणि पाण्याच्या पातळीच्या फसव्या वाचनामुळे चालकांनी अणुभट्टी थंड ठेवणारे आणीबाणीचे पाणी कमी केले. अणुभट्टी तेव्हा अगदी कमी शक्तीवर चालत होती आणि चूक वेळेत लक्षात आली, म्हणून निभावले. त्यातला धडा तशाच रचनेच्या इतर प्रकल्पांतील चालकांपर्यंत पोहोचला नाही. अठरा महिन्यांनी, 28 मार्च 1979 रोजी, थ्री माइल आयलंडमध्ये तसाच झडप तसाच अडकला, चालकांनी तसेच पाणी कमी केले, आणि या वेळी गाभ्याचा, म्हणजे अणुभट्टीतील इंधनाचा, मोठा भाग वितळला. उलट उदाहरण तुमच्या विषयाला आणखी जवळचे आहे. 1990 मध्ये एनआरसीने एका विशिष्ट बनावटीच्या ट्रान्समीटरमधील भरणतेल (दाब संवेदकापर्यंत पोहोचवणारे आतले तेल) हळूहळू गळत असल्याबद्दल सर्व प्रकल्पांना बुलेटिन, म्हणजे इशारापत्र, पाठवले. असा ट्रान्समीटर बंद पडत नाही. तो सावकाश भरकटतो, दाबातील बदलाला उशिरा प्रतिसाद देतो, आणि जुळवला की काही काळ निरोगी वाटतो. एकेका यंत्राकडे पाहून हा दोष ओळखता येत नाही, म्हणूनच ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र याव्या लागतात. तुमचा दोष तोच आहे असे मी म्हणत नाही, इथून ते सांगता येणार नाही. पण प्रतिसादाचा वेळही मोजून घ्या, निव्वळ स्थिर वाचनावर विसंबू नका.

नियामकावर माझी आंधळी श्रद्धा आहे असे कृपया समजू नका. त्याच डेव्हिस-बेसीला 2001 अखेरपर्यंत करायची तपासणी 16 फेब्रुवारी 2002 पर्यंत लांबवण्याची मुभा एनआरसीनेच दिली होती. मार्चमध्ये कळले की बोरिक आम्लाने अणुभट्टीच्या झाकणातील पंधरा सेंटिमीटरांहून जाड पोलाद आरपार खाल्ले आहे आणि आतला दाब जेमतेम सेंटिमीटरभर जाडीच्या स्टेनलेस अस्तराने तोलून धरला आहे. त्याआधी कितीतरी महिने तिथल्या किरणोत्सर्ग मापकांचे फिल्टर गंजाच्या कणांनी तुंबत होते आणि कर्मचारी ते बदलत होते. प्रत्येक वेळी फिल्टर बदलला, काम पूर्ण झाले, शेरा समाधानकारक! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझे तीन फॉर्म आठवले.

लपवल्याने प्रकरण लहान राहते, हा समजही सोडून द्या. जपानमध्ये 2002 मध्ये टेपको कंपनीने तपासणीच्या नोंदींत फेरफार करून तडे दडवल्याचे उघड झाले आणि एप्रिल 2003 पर्यंत कंपनीच्या सर्व 17 अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद होत्या.

कामाच्या काही गोष्टी ओघात सांगते. प्रमाण म्हणून वापरलेल्या गेजचा (दाबमापकाचा) क्रमांक आणि त्याच्या स्वतःच्या कॅलिब्रेशनची तारीख फॉर्मवर लिहा, कारण तो गेजच चुकलेला असेल तर तुम्ही चांगले ट्रान्समीटर बिघडवले असा अर्थ होईल. तिन्ही चॅनेल एकाच माणसाने, एकाच गेजने, एकाच दिवशी जुळवणे मला मुळीच पसंत नाही, मग वेळापत्रकात ते कितीही सोयीचे दिसो. तुमच्या वरिष्ठांना लेखी विचारा आणि लेखी उत्तर मागा. भाषा सौम्य ठेवा, तारखा अचूक ठेवा. प्रकल्पाच्या आत दोष नोंदवण्याची जी व्यवस्था असेल तिच्यात आजच नोंद करा, कारण त्यासाठी सहसा मुख्यालयाची परवानगी लागत नाही आणि निरीक्षक ती यादी पाहतात. अनेक देशांत कर्मचाऱ्याला थेट नियामकाकडे जाता येते आणि त्यासाठी त्याला संरक्षणही असते. तुमच्याकडे ते कितपत आहे हे आधी तपासून घ्या. मी तो मार्ग वापरला नाही, त्यामुळे त्याबद्दल अनुभवाने बोलू शकत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये पहिल्या दोन ट्रान्समीटरांची सापडलेली वाचने नाहीत. ती तुम्ही घेतली असतील, मग ती तुमच्या डायरीच्या एखाद्या कोपऱ्यात का असेनात, तर त्या पानाची प्रत आजच शिफ्ट इंजिनीअरकडे द्या. घेतली नसतील तर तसे स्पष्ट लिहा. अंदाजाने आकडा भरू नका. आणि तिसऱ्या चॅनेलचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. त्याच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता शिफ्ट इंजिनीअरकडून परवानगी आणि वर्क परमिट घेऊन तो तपासा. आधी कशालाही हात न लावता 0, 25, 50, 75 आणि 100 टक्क्यांवर चढती आणि उतरती अशी दोन्ही वाचने घ्या, सोबतच्या माणसाची सही घ्या, आणि त्यानंतरच स्क्रू ड्रायव्हर उचला.